शेपूट गाळू नका: इंग्रजी कर्मणीतले ‘ऑफ’, ‘ऑन’ आणि ‘इन्टु’

‘ही वॉज ऑपरेटेड लास्ट वीक.’ हे वाक्य आपल्या कानावर इतकं पडतं, की त्यात काही राहून गेलंय हे जाणवतच नाही. इंग्रजीत यंत्र ‘ऑपरेट’ करतात. माणसावर शस्त्रक्रिया करायची तर ‘ऑपरेट ऑन’ म्हणतात. म्हणजे वाक्य हवं, ‘ही वॉज ऑपरेटेड ऑन लास्ट वीक.’ तो ‘ऑन’ अधांतरी लोंबकळल्यासारखा वाटतो, म्हणून बोलताना आपण तो सोडून देतो, आणि तेवढ्यानेच वाक्य मोडतं.

हे एकट्या ‘ऑपरेट’पुरतं नाही. ‘कॉल ऑफ’, ‘टर्न डाउन’, ‘लुक आफ्टर’, ‘ब्रेक इन्टु’ अशी दोन-तीन शब्दांची क्रियापदं (फ्रेझल व्हर्ब) इंग्रजी बोलण्यात पावलोपावली येतात. मॅच रद्द झाली, अर्ज नाकारला गेला, नोकरीवरून कमी केलं, बोलता बोलता फोन तुटला, या सगळ्या गोष्टी इंग्रजी माणूस सहसा याच क्रियापदांनी आणि कर्मणीतच सांगतो. आपल्याला मात्र पॅसिव्ह व्हॉइस शिकवतात तो ‘अ लेटर इज रिटन बाय राम’ छापाच्या वाक्यांवर. तिथे क्रियापद एकाच शब्दाचं, त्यामुळे खरी अडचण कधी समोर येतच नाही.

काटेकोर व्याकरणात ‘कॉल ऑफ’मधला ‘ऑफ’ वेगळा आणि ‘लुक इन्टु’मधला ‘इन्टु’ वेगळा. पहिला पार्टिकल, दुसरा प्रेपोझिशन. कर्मणीत मात्र दोघांची वागणूक सारखीच असते, म्हणून इथे दोघांनाही सरळ शेपूट म्हणू या. नियम एकच आहे: क्रियापद कर्मणीत गेलं तरी शेपूट त्याच्या मागोमाग जातं. कर्म सोबत नसलं तरी, वाक्य तिथेच संपत असलं तरी.

मराठी माणसाचाच हात इथे का अडखळतो, हे समजून घेतलं तर अर्धं काम होतं. मराठीत असले शब्द नामाला चिकटतात. ‘घरात’, ‘तक्रारीकडे’, ‘मुलांवर’. नाम जिथे जाईल तिथे तो प्रत्यय बरोबर जातो. ‘त्या तक्रारीकडे लक्ष दिलं जातंय’ या वाक्यात क्रिया कर्मणीत आहे, पण ‘कडे’ अजूनही तक्रारीलाच धरून आहे. ‘त्याच्याकडे पाहिलं गेलं’ म्हणताना तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं आणि ‘तो’ कर्ता होतच नाही. इंग्रजीत याच्या अगदी उलट घडतं. ‘द कम्प्लेंट इज बीइंग लुक्ट इन्टु.’ तक्रार एकटी, काहीही न लेवता वाक्याच्या सुरुवातीला येते आणि ‘इन्टु’ मागे क्रियापदापाशी राहतो. जर्मन किंवा फ्रेंच भाषेतही अशी रचना होत नाही, तेव्हा ती आपल्याला परकी वाटली तर नवल नाही.

एक वाक्य हातात घेऊन सावकाश फिरवून पाहू. ‘समवन ब्रोक इन्टु द हाउस.’ कोणीतरी घरफोडी केली. कोणी केली ते माहीत नाही, म्हणजे ‘समवन’ला ठेवून उपयोग नाही, कर्मणीला ही आदर्श जागा. ‘द हाउस’ उचलून पुढे आणा. मूळ वाक्य भूतकाळी, घर एकवचनी, म्हणून ‘वॉज’. ‘ब्रेक’चं तिसरं रूप ‘ब्रोकन’. आता मूळ वाक्यात काय उरलं ते बघा: ‘इन्टु’. ते जिथे होतं तिथेच राहतं. ‘द हाउस वॉज ब्रोकन इन्टु.’ ‘इन्टु’ गाळलं तर ‘द हाउस वॉज ब्रोकन’ उरतं, म्हणजे घर मोडकं होतं. चोर वाक्यातून नाहीसा झाला. शेपूट गाळल्यावर वाक्य नुसतं अशुद्ध होत नाही, बरेचदा ते शुद्धच राहतं आणि अर्थ भलताच होतो. ‘शी वॉज लेट डाउन’ म्हणजे तिचा विश्वासघात झाला, तिला ऐनवेळी तोंडघशी पाडलं. नुसत्या ‘शी वॉज लेट’चा हा अर्थ होऊच शकत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तिला उशीर झाला.

एका बाबतीत कर्मणी आपल्यावर उपकारच करतो. कर्तरीत ‘दे कॉल्ड द मॅच ऑफ’ आणि ‘दे कॉल्ड ऑफ द मॅच’ ही दोन्ही वाक्यं चालतात, पण सर्वनाम आलं की ‘दे कॉल्ड इट ऑफ’ एवढंच चालतं, ‘कॉल्ड ऑफ इट’ नाही. कर्म कुठे ठेवायचं ही रोजची डोकेदुखी. कर्मणीत कर्म आधीच पुढे गेलेलं असतं, त्यामुळे क्रियापद आणि शेपूट आपोआप शेजारी येतात: ‘इट वॉज कॉल्ड ऑफ.’ या दोघांच्या मध्ये काही घुसवायचं नाही, एवढं पाळलं की झालं. ‘आग लगेच विझवली’ हे ‘द फायर वॉज क्विकली पुट आउट’ किंवा ‘द फायर वॉज पुट आउट क्विकली’ होईल. ‘पुट क्विकली आउट’ होणार नाही.

तिसऱ्या रूपांच्या चुका मात्र चिवट आहेत. ‘रन’चं तिसरं रूप ‘रन’च, म्हणून गाडीखाली सापडलेल्याबद्दल ‘ही वॉज रन ओव्हर’. ‘रॅन ओव्हर’ नाही. ‘ले’चं ‘लेड’, म्हणून ‘लेड ऑफ’. ‘पुट’, ‘कट’, ‘लेट’, ‘शट’, ‘सेट’ या पाचांची तिन्ही रूपं एकच. ‘टेक’चं ‘टेकन इन’, ‘ड्रॉ’चं ‘ड्रॉन अप’, ‘थ्रो’चं ‘थ्रोन आउट’, ‘टेअर’चं ‘टोर्न डाउन’, ‘राइट’चं ‘रिटन ऑफ’. ही दहा-बारा रूपं तोंडात बसली की रोजच्या वापरातला मोठा भाग निभावतो.

काम चालू असेल तेव्हा ‘बीइंग’ हवंच. ‘द मॅटर इज लुकिंग इन्टु’ असं लिहिलेल्या ईमेल कमी नसतात. त्याचा अर्थ ते प्रकरण स्वतःच कुठेतरी डोकावून बघतंय असा होतो. ‘द मॅटर इज बीइंग लुक्ट इन्टु’ हे बरोबर. काम झालं असेल तर ‘हॅज बीन लुक्ट इन्टु’, करायलाच हवं असेल तर ‘मस्ट बी लुक्ट इन्टु’. प्रश्न विचारताना पहिलं सहायक क्रियापद तेवढं पुढे येतं: ‘हॅज द फॉर्म बीन फिल्ड इन?’ फॉर्म भरण्याला ब्रिटिश बहुधा ‘फिल इन’ म्हणतात आणि अमेरिकन ‘फिल आउट’. दोन्ही सगळीकडे समजतात.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो त्या जागेकडे. प्रत्येक फ्रेझल व्हर्ब कर्मणीत जात नाही. ज्याला कर्मच नाही, त्याचा कर्मणी कसा होणार? गाडी बंद पडली म्हणजे ‘द कार ब्रोक डाउन’. ‘वॉज ब्रोकन डाउन’ नाही, कारण गाडीला कोणी ‘ब्रेक डाउन’ केलेलं नाही. पण ‘द डोअर वॉज ब्रोकन डाउन’ बरोबर, कारण तिथे दार कोणीतरी फोडलंय. ‘द फिगर्स वर ब्रोकन डाउन बाय एज’ हेही बरोबर. आकडे वयानुसार वेगळे काढले गेले. क्रियापद तेच, शेपूट तेच, पण एका अर्थाने कर्म घेतं आणि दुसऱ्या अर्थाने घेत नाही. ‘वुई सेट ऑफ ॲट सिक्स’ म्हणजे आम्ही सहाला निघालो, याचा कर्मणी नाही. ‘द अलार्म वॉज सेट ऑफ बाय स्मोक’ म्हणजे धुरामुळे गजर वाजला, इथे कर्मणी चालतो. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारा: कोणाला? किंवा काय? उत्तर मिळालं तरच पुढे जा.

या गटातली सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘आय वॉज ग्रोन अप इन अ स्मॉल टाउन’. ‘ग्रो अप’ला कर्म नाही. मी वाढलो म्हणजे ‘आय ग्रू अप’, मला वाढवलं म्हणजे ‘आय वॉज ब्रॉट अप’. मराठीत ‘वाढणं’ आणि ‘वाढवणं’ यांत जो फरक आहे, नेमका तोच इथे आहे, आणि हा धागा पकडला तर पुष्कळ जोड्या सुटतात. किमती वाढल्या तर ‘प्रायसेस वेन्ट अप’, किमती वाढवल्या गेल्या तर ‘प्रायसेस वर पुट अप’. दूध संपलं तर ‘द मिल्क हॅज रन आउट’, सगळं वापरून संपवलं गेलं तर ‘द मिल्क हॅज बीन यूज्ड अप’. मराठीत क्रियापदात ‘व’ येतो का बघा; आला तर इंग्रजीत कर्म घेणारं क्रियापद शोधा.

काही क्रियापदं कर्म घेतात तरी कर्मणीला तयार होत नाहीत. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’, ती आईवर गेलीय. याला ‘हर मदर इज टेकन आफ्टर’ करता येत नाही, कारण आईच्या बाबतीत काही घडलेलंच नाही. जुना मित्र अचानक भेटला तर ‘आय रॅन इन्टु ॲन ओल्ड फ्रेंड’. मित्र ‘वॉज रन इन्टु’ झाला म्हटलं तर त्याला कशाची तरी धडक बसली असं वाटेल. यातून एक अंदाज बांधता येतो, आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो: क्रियेचा परिणाम ज्याच्यावर होतो, त्यालाच इंग्रजी कर्मणीत पुढे आणते. ज्याची फोडाफोड झाली, काळजी घेतली गेली, टवाळी झाली, तो पुढे येतो. ज्याच्याशी नुसतं साम्य आहे किंवा जो योगायोगाने भेटला, तो येत नाही.

कामाच्या ठिकाणी ज्यांनी खरं नुकसान होतं अशी चार क्रियापदं वेळापत्रकाची आहेत. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे रद्द, पुन्हा होईल असं गृहीत धरू नका. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकललं, त्यामुळे पाठोपाठ ‘टिल मंडे’ किंवा ‘अन्टिल नेक्स्ट वीक’ यायला हवं. ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणलं, शुक्रवारची बैठक मंगळवारी. आणि ‘पुट बॅक’ म्हणजे, विशेषतः ब्रिटिश वापरात, उशिराची वेळ. ‘बॅक’ ऐकून आपल्याला वाटतं बैठक आधी आली, आणि माणूस तासभर रिकाम्या खोलीत बसतो. ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’चा अर्थ तर खुद्द इंग्रजी बोलणारेही दोन्ही तऱ्हांनी लावतात, कोणी तसं कळवलं तर नेमकी तारीख विचारून घ्यावी. नोकरीच्या बाबतीत ‘लेड ऑफ’ आणि ‘फायर्ड’ यांची सरमिसळ करू नये. काम कमी झालं, कंपनीने माणसं कमी केली, तो ‘लेड ऑफ’. वागणुकीमुळे किंवा कामात कमी पडल्यामुळे काढलं, तो ‘फायर्ड’. ओळख करून देताना चुकीचा शब्द वापरला तर समोरच्याच्या मनात उगाच किल्मिष राहतं.

रोजच्या बोलण्यात ‘वॉज’च्या जागी ‘गॉट’ फार येतो. ‘ही गॉट टोल्ड ऑफ’, त्याला बोलणी बसली. ‘वुई गॉट रिप्ड ऑफ’, आम्हाला लुबाडलं. ‘देअर हाउस गॉट ब्रोकन इन्टु’. यात अकस्मात, बहुधा नकोसं काही घडल्याची छटा असते, म्हणून वाईट बातमीला हा ‘गॉट’ चपखल बसतो. स्थिती सांगायची असेल तिथे तो चालत नाही: समिती सात जणांची आहे म्हणजे ‘द कमिटी इज मेड अप ऑफ सेव्हन मेंबर्स’, इथे ‘गेट्स’ नको. आणि लक्षात ठेवा, ‘गेट’ हे सहायक क्रियापद नाही. प्रश्नाला ‘डिड’ लागतो: ‘डिड यू गेट टोल्ड ऑफ?’ नकाराला ‘डिडन्ट गेट’. अर्जात, अहवालात ‘गॉट’ टाळून ‘वॉज’च लिहावं.

‘बाय’बद्दल शाळेने आपल्याला एक वाईट सवय लावलीय: कर्मणी केला की शेपटाशेजारी ‘बाय समवन’, ‘बाय पीपल’ चिकटवायचं. कर्ता सांगायचा नसतो म्हणून तर कर्मणी वापरतात. दहातल्या आठ-नऊ वाक्यांत ‘बाय’ नसला तर वाक्य जास्त इंग्रजी वाटेल. शिवाय ‘बाय’ प्रत्येक कारणाला चालत नाही. पावसामुळे मॅच रद्द झाली तर ‘कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ रेन’. ‘बाय रेन’ म्हटलं तर पावसाने बसून निर्णय घेतला असं होतं. याच प्रसंगासाठी ब्रिटिश इंग्रजीत एक नेटकं क्रियापद आहे, ‘द मॅच वॉज रेन्ड ऑफ’, आणि अमेरिकेत ‘रेन्ड आउट’. ते बहुतेक वेळा कर्मणीतच दिसतं.

अशी बहुतेक वेळा कर्मणीतच दिसणारी मंडळी वेगळी ओळखून ठेवावी, कारण त्यांची कर्तरी बाजू शोधत बसण्यात सहसा अर्थ नसतो. कामाखाली गाडला गेलेला माणूस ‘स्नोड अंडर विथ वर्क’ असतो. एखाद्या कामाचा पिंडच नाही असा माणूस ‘नॉट कट आउट फॉर इट’. ‘टेकन अबॅक’ म्हणजे क्षणभर अवाक होणं. हा शब्दप्रयोग शिडाच्या जहाजांवरून आला: वारा अचानक समोरून आला की शिडं उलटी डोलकाठीवर दाबली जात आणि जहाज जागच्या जागी अडकत असे. वैतागलेला तो ‘फेड अप विथ’. बोलण्यात ‘फेड अप ऑफ’ही ऐकू येतं, पण लिहिताना ‘विथ’ ठेवलेलं बरं. यातली काही आता जवळजवळ विशेषणंच झालीत. नामाच्या आधी आली तर मध्ये आडवी रेघ द्यायची, जसं ‘अ रन-डाउन बिल्डिंग’. नामानंतर आली तर रेघ नको, ‘द बिल्डिंग इज रन डाउन’.

तीन शब्दी क्रियापदं लिहिताना पुष्कळांचा धीर सुटतो. ‘शी इज लुक्ट अप टु बाय हर स्टुडंट्स.’ विद्यार्थ्यांना तिच्याबद्दल आदर वाटतो. ‘अप टु बाय’ असे तीन छोटे शब्द ओळीने आले की काहीतरी चुकलं असं वाटून लोक एखादा काढून टाकतात. काढू नका. ‘अप टु’ क्रियापदाचं आणि ‘बाय’ विद्यार्थ्यांचा. ‘द रूल वॉज डन अवे विथ’, नियम मोडीत काढला, इथे वाक्य ‘विथ’वर संपतं आणि ते तसंच संपायला हवं. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ नये हा आक्षेप इंग्रजी कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली घेतला होता आणि पुढे शाळांनी त्याचा नियम केला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो कधीच पाळला नाही. याच घरातली एक लांबट रचना म्हणजे ‘टेक ॲडव्हांटेज ऑफ’, गैरफायदा घेणं. तिचे दोन कर्मणी होतात: ‘शी वॉज टेकन ॲडव्हांटेज ऑफ’ आणि ‘ॲडव्हांटेज वॉज टेकन ऑफ हर’. पहिला रोजच्या बोलण्यातला, दुसरा कागदोपत्री.

अर्थ एकाहून जास्त असले तर आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावा. ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे फसवलं गेलं किंवा घरात आसरा मिळाला. ‘बाय हिज स्टोरी’ आलं तर फसवणूक, ‘बाय माय आन्ट’ आलं तर आसरा. ‘हेल्ड अप’ म्हणजे खोळंबा किंवा शस्त्र दाखवून लूट: ‘इन ट्रॅफिक’ आणि ‘ॲट गनपॉइंट’ निवाडा करतात.

बातम्यांच्या मथळ्यात ‘वॉज’, ‘इज’ गाळलेले असतात. ‘फायनल कॉल्ड ऑफ’, ‘ऑफर टर्न्ड डाउन’. हे कर्तरी भूतकाळ नाहीत. इंग्रजी मथळ्यात कर्त्याने केलेली ताजी गोष्ट सहसा वर्तमानात लिहितात, ‘बोर्ड टर्न्स डाउन ऑफर’. म्हणून मथळ्यात ‘टर्न्ड डाउन’ दिसलं की मध्ये ‘वॉज’ घालून वाचा. भविष्यासाठी ‘टु बी’ येतं: ‘ओल्ड ब्रिज टु बी टोर्न डाउन’.

ऐकताना शेपूट आपल्या कानातून निसटतं, कारण ते आधीच्या व्यंजनाला जोडून येतं. ‘कॉल्ड ऑफ’ कानाला ‘कॉल्डॉफ’ लागतं, ‘पुट आउट’ ‘पुटाउट’, ‘ब्रोकन इन्टु’ ‘ब्रोकनिन्टु’. देवनागरीत ते सलग लिहून मोठ्याने वाचा, उच्चार लवकर बसतो. जोर कुठे द्यायचा तेही इथेच ठरतं. ‘कॉल्ड ऑफ’, ‘टर्न्ड डाउन’, ‘लेड ऑफ’ यांत जोर शेपटावर. ‘लुक्ट ॲट’, ‘लाफ्ट ॲट’ यांत जोर क्रियापदावर, पण शेवटचा ‘ॲट’ पुरता उच्चारायचा. वाक्याच्या मध्ये त्याचा जो ‘अट’सारखा पुसट आवाज होतो, तो इथे होत नाही.

तब्येतीच्या किंवा दुरुस्तीच्या बोलण्यात आणखी दोन रचना सतत लागतात. ‘यू शुड हॅव दॅट नी लुक्ट ॲट’, म्हणजे तो गुडघा कोणाला तरी दाखवून घे. इथे ‘हॅव’ किंवा ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप, मग शेपूट. दुसरी ‘नीड’ची: ‘दिस नीड्स सॉर्टिंग आउट’, म्हणजे हे मार्गी लावायला हवं. रूप ‘-इंग’चं, पण अर्थ कर्मणी, ‘दिस नीड्स टु बी सॉर्टेड आउट’ म्हटलं तरी तेच.

नवीन क्रियापद वहीत उतरवताना नुसतं ‘कॉल ऑफ’ न लिहिता ‘बी कॉल्ड ऑफ’ असं पूर्ण लिहा, आणि पुढे त्याला चालणारं एक नाम: मॅच, स्ट्राइक, सर्च. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशांत अशा क्रियापदांपाशी ‘यूज्वली पॅसिव्ह’ अशी खूण असते. ती दिसली की कर्तरी रूप सोडून थेट हेच पाठ करा.